खुब्याचा सांधा काढल्यानंतरचं चालणं-फिरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या डाव्या खुब्याचा सांधा काढून नऊ वर्षं झाली. आधी बॉल बदलला होता. त्यात पू झाला, दोनदा उघडून साफ करूनही थांबला नाही, म्हणून शेवटी बसवलेलं सगळंच काढलं. तेव्हापासून अशाच रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे निरोप येत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, या पायावर रोज चालणारी बाई आहे. जे लिहिलंय ते माझ्या सर्जनकडून, फिजिओंकडून आणि माझ्यासारख्या इतरांकडून शिकलेलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं सांधा काढून तिथे काहीच न बसवलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या शरीरात कृत्रिम खुबा आहे, त्यांना यातल्या काही गोष्टी धोक्याच्या ठरतील.

१. सांधा काढला म्हणजे नेमकं काय काढलं?

मांडीच्या हाडाचं वरचं टोक, म्हणजे ज्याला आपण बॉल म्हणतो तो गोळा आणि त्याखालची मान. कमरेच्या हाडातल्या वाटीतला खराब भागही खरवडून काढतात. मांडीचं हाड, गुडघा, पाऊल जागेवरच असतं. खूप जण ‘पाय काढला’ असं समजून घाबरून फोन करतात. पाय आहे, फक्त तो कमरेला जिथे हाडाने टेकत होता तो टेकू गेला.

कागदावर ‘गर्डलस्टोन’ किंवा ‘एक्सिजन आर्थ्रोप्लास्टी’ असं लिहिलेलं असतं. गर्डलस्टोन हे ऑक्सफर्डचे सर्जन. प्रतिजैविकं हाताशी नव्हती त्या काळात खुब्यातला क्षय आणि पू यांवर त्यांनी हा मार्ग वापरला. पू झालेल्या खुब्यावरच्या ऑपरेशनचं त्यांचं वर्णन १९४३ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या मूळ पद्धतीत आजूबाजूचे स्नायूही बरेच कापत असत. आता शक्य तेवढे राखतात, आणि त्यामुळेच आपण बरे चालतो.

२. सांधाच नाही, तर वजन कशावर पेलतं?

रिकाम्या जागेत हळूहळू चिवट, दोरखंडासारखा तंतुमय पट्टा तयार होतो. तो, आजूबाजूचे स्नायू आणि जुन्या आवरणाचा उरलेला भाग मिळून मांडीचं हाड धरून ठेवतात. पाय टेकला की हाड थोडं वर सरकतं, उचलला की खाली येतं. पहिल्यांदा हे जाणवतं तेव्हा पोटात गोळा येतो. पण या ऑपरेशननंतर थोडं सरकणं अपेक्षितच असतं. अचानक वाढलेलं किंवा नव्याने दुखू लागलेलं सरकणं मात्र दाखवायला हवं (प्रश्न १७).

३. हे कायमचं की काही महिन्यांचं?

सर्जनना स्पष्ट विचारा, कारण दोन्ही प्रकार असतात. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला की पुष्कळदा तो काढून तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवतात आणि संसर्ग गेल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा सांधा बसवतात. तुमचा प्रकार हा असेल तर पुढच्या उत्तरांतलं बसणं-उठणं तुम्हाला लागू नाही, तुमचे नियम वेगळे. हाड उरलेलं नसेल, जंतू हटत नसतील किंवा पुन्हा मोठं ऑपरेशन झेपणार नसेल, तर मात्र जागा तशीच कायम ठेवतात.

४. किती दिवस झोपून राहावं लागेल?

प्रत्येक सर्जनची पद्धत वेगळी. काही जण पायाला काही आठवडे वजन लावून ठेवतात, म्हणजे पाय फार वर सरकत नाही आणि पट्टा थोड्या लांबीवर जमतो. काही जण लवकरच वॉकरवर उभं करतात. त्यानंतर वॉकर, मग कुबड्या किंवा एल्बो क्रच (काखेत न जाता कोपराखालच्या हाताला अडकणाऱ्या कुबड्या), मग काठी. कुबड्यांवरून काठीवर यायला तीन ते सहा महिने लागले तर मागे पडलो असं समजू नका. चाल वर्षभर सुधारत राहते.

कुबडी वापरताना भार हातांच्या पंजांवर घ्या, काखेत नाही. काखेत दाबली की तिथली नस दबून हात बधिर होतो.

५. पाय किती आखूड होतो?

साधारण ३ ते ५ सेंटीमीटर, काहींचा त्याहून जास्त. किती हाड काढलं आणि पट्टा कसा जमला यावर ते ठरतं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं राहतं, हेही बहुतेकांचं होतं.

६. बुटाला उंची द्यायची का? किती? कोणाकडून?

द्यायची, आणि लवकर द्यायची. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर मी हाच समजते. ऑपरेशनवर लाखो रुपये खर्च होतात आणि काही शे रुपयांचा सोल कोणी सांगत नाही. मला घरी सोडताना टाके कधी काढायचे ते सांगितलं, पाय साडेचार सेंटीमीटर आखूड झालाय हे सांगितलं नाही. दीड वर्ष मी टाच वर धरून चालत होते. कंबर गेली, चांगला गुडघा दुखायला लागला, आणि मला वाटायचं हे असंच असतं. सोल लावल्यावर दोन महिन्यांत निम्मं दुखणं कमी झालं. ते दीड वर्ष तुमचं वाया जाऊ नये.

मोजायचं उभं राहून. झोपून टेपने मोजलेली लांबी आपल्या बाबतीत फसवी असते, कारण भार आल्यावर हाड वर सरकतं आणि पाय आणखी आखूड होतो. भिंतीजवळ आधार धरून दोन्ही पायांवर सरळ उभे राहा आणि आखूड पायाखाली लाकडी फळ्या किंवा जाड वह्या एकेक करून सरकवायला सांगा. समोरून बघणाऱ्याला कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत दिसली की थांबा. ती जाडी म्हणजे खरी तूट.

ती सगळी भरून काढायची नाही. साधारण एक सेंटीमीटर कमीच ठेवा, नाहीतर पाय पुढे टाकताना बोटं अडकतात. शिवाय कमरेला सवय व्हावी म्हणून आधी निम्मी उंची, महिन्याभराने उरलेली.

बुटाच्या आत फार तर एक सेंटीमीटर मावतं. त्यापुढे टाच वर येऊन बूट निसटतो. बाकीची उंची बाहेरून तळाला लावायची, टाचेला आणि चवड्याला दोन्हीकडे. चवड्याकडे थोडी कमी आणि पुढे होडीच्या नाळेसारखी किंचित उचललेली, म्हणजे पाऊल लोळत पुढे जातं. साहित्य हलकं हवं, फोमसारखं इव्हीए किंवा एमसीआर रबर. लाकूड किंवा भरीव रबर लावलं तर संध्याकाळी मांडी भरून येते.

मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत असे बूट होतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ऑर्थोटिक विभाग (आधाराचे पट्टे, खास बूट बनवणारा) असेल तर तिथे विचारा. नाहीच जमलं तर गावचा हुशार चांभार मोजमाप दिल्यावर उत्तम करून देतो. माझे सध्याचे बूट तसेच झालेत.

७. घरात आपण अनवाणी असतो. मग उंचीचं काय?

हा प्रश्न आपल्या घरांतलाच आहे, दवाखान्यात तो कोणाला सुचत नाही. दिवसातला बराच वेळ घरात जातो आणि तेवढा वेळ कंबर वाकडी राहते. घरासाठी वेगळी जोडी करा. एका चपलेला सोल वाढवलेला, दोन्हींना टाचेमागे पट्टा. पट्टा नसलेली सपाता किंवा अंगठ्याची चप्पल नको, उंच केलेली तर मुळीच नको, ती पायाखालून सटकते. ही जोडी उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, म्हणजे स्वयंपाकघरात वापरायला घरच्यांची हरकत राहत नाही.

ओट्यापाशी उभं राहायचं असेल तर आखूड पायाखाली सपाट पाट ठेवते मी. तो भिंतीकडे सरकवलेला असावा, नाहीतर तोच अडखळवतो. देवळात चपला काढाव्या लागतात तिथे काठी सोडू नका आणि रांग मोठी असेल तर बसायला मागा.

८. काठी कोणत्या हातात? दुखऱ्या बाजूला ना?

नाही. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. माझा डावा खुबा नाही, माझी काठी उजव्या हातात असते. रस्त्यात अनोळखी लोक थांबवून ‘ताई, काठी चुकीच्या हातात आहे’ म्हणतात. म्हणू द्या.

कारण असं: डाव्या पायावर उभं राहिलं की उजवीकडची कंबर खाली पडायला बघते, कारण अंगाचं वजन तिकडे लोंबत असतं. धडधाकट माणसात डाव्या कुल्ह्याचा स्नायू ती ओढून धरतो. त्या स्नायूला ओढायला सांध्याचा टेकू लागतो. आपला टेकू गेला, म्हणून प्रत्येक पावलाला अंग डावीकडे झोकावं लागतं आणि चाल हेलकावते. उजव्या हातातली काठी पडणाऱ्या बाजूलाच खालून उचलून धरते, आणि ती खुब्यापासून लांब असल्यामुळे थोड्याशा जोराचाही मोठा उपयोग होतो. काठी डाव्या हातात धरली तर अंग आणखीच डावीकडे कलतं.

याच हिशोबाने एका हातात पिशवी घ्यावीच लागली तर ती दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यायची. ऐकायला उलटं वाटतं, पण करून पाहा. त्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी.

उंची: बूट घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. टोकाचा रबरी बूट गुळगुळीत झाला की त्याच दिवशी बदला, पावसाळ्यात तर आधीच एक जादा आणून ठेवा. ओल्या शहाबादी फरशीवर झिजलेलं रबर म्हणजे पडणं ठरलेलं.

९. काठी कधी सुटेल?

घरातल्या घरात काही जणांची सुटते. बाहेर बहुतेकांची सुटत नाही, आणि ती सोडवण्याच्या मागे लागू नका. लग्नकार्यात काठी गाडीत ठेवून येणाऱ्या बायका-पुरुष मला भेटतात. फोटोत काठी दिसत नाही, पण पुढचे चार दिवस अंथरुणात जातात. काठीसह दोन किलोमीटर चालणारा माणूस काठीविना पन्नास पावलं चालणाऱ्यापेक्षा मोकळा असतो.

१०. जिना कसा चढायचा?

चढताना आधी चांगला पाय, मग काठी आणि दुखरा. उतरताना आधी काठी आणि दुखरा, मग चांगला. एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची. कठडा असेल तर तो एका हातात आणि काठी दुसऱ्या, मग काठी कोणत्या हातात याची चिंता नको.

११. मांडी घालून, उकिडवं बसता येईल का? सांधा बदललेल्या काकांना तर सक्त मनाई केलीय.

बहुतेकांना येतं. काकांच्या शरीरात कृत्रिम गोळा आणि वाटी आहे. जास्त वाकवलं किंवा वळवलं तर तो निखळू शकतो. आपल्याकडे निखळायला काही उरलेलंच नाही. म्हणूनच आपल्या देशात क्षयाने खराब झालेल्या खुब्यासाठी हे ऑपरेशन पुष्कळ वर्षं होत राहिलं: चाल लंगडी होते, पण पंगतीला बसता येतं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येतं, शेतात खुरपता येतं.

घाई मात्र नको. पट्टा जमेपर्यंत, म्हणजे सर्जन परवानगी देईपर्यंत, खुर्ची आणि कमोडच. नंतर आधी पलंगावर मांडी घालून बघा, मग जमिनीवर. उठणं हेच अवघड असतं. गुडघ्यांवर या, दोन्ही हात खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा, चांगलं पाऊल पुढे टेकवा आणि त्या पायाच्या जोरावर उठा. संडासात भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. नळाला धरून उठू नका, नळ तुटतो.

१२. पलंगावर पाय उचलून घेता येत नाही. काय करू?

चांगलं पाऊल दुखऱ्या घोट्याखाली घालून दोन्ही एकदम उचला, किंवा जुन्या पंचाचा फास पावलात अडकवून हाताने ओढा. सलवार, पँट, परकर घालताना आधी दुखरा पाय, काढताना तो शेवटी. मोजे घालायला कोणीतरी असेल तर लाजू नका.

१३. व्यायाम कोणते? किती दिवस?

कायम. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, चांगल्या कुशीवर झोपून दुखरा पाय वर उचलणं, गुडघा ताठ करून मांडी आवळून धरणं हे मुख्य तीन. कुशीवरचा व्यायाम पहिले कित्येक आठवडे पाय जागचा हलत नाही इतका अवघड जातो. तेव्हा उताणं झोपून पाय गादीवरून बाजूला सरकवा, तोही तोच स्नायू आहे. कमरेएवढ्या पाण्यात चालण्याची सोय असेल तर फार बरं, मात्र जखम पूर्ण भरल्यानंतरच. आणि वजन: पाच किलो कमी झाले की चालताना पायाला आपसूक कळतं.

आपल्याला चालायला धडधाकट माणसापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते. थोड्या अंतराने धाप लागली तर तो आळस नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

१४. आता दुसरा गुडघा, दुसरा खुबा, कंबर दुखते. तिकडेही रोग गेला का?

बहुधा नाही, तो भार आहे. आधी सोल (प्रश्न ६) आणि काठी (प्रश्न ८) तपासा. वर्षानुवर्षं दुसरा पाय दोघांचं काम करत असतो. हे दोन्ही नीट असूनही महिनाभर दुखत राहिलं तर एक्स-रे काढून घ्या. ज्यांना क्षय होता त्यांनी कंबरदुखी कधीच अंगावर काढू नये, कारण क्षय मणक्यातही होतो.

१५. स्कूटर, एसटी, लोकल?

डाव्या पायाचं असेल तर गिअरची मोटारसायकल विसरा. बाजूला जादा चाकं लावलेली गिअरलेस स्कूटर हा सगळ्यात सोपा मार्ग, पण चाकं लावल्याची नोंद आरटीओत करून घ्या आणि परवानाही तशाच वाहनाचा काढा, नाहीतर अपघातात विमा अडतो. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. उंच पायरीसाठी चालकाला गाडी फलाटाला लावून घ्यायला सांगा, बहुतेक जण घेतात. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांचा वेगळा डबा असतो. बाहेरून अपंगत्व दिसत नाही म्हणून तिथेही हुज्जत होते, कार्ड जवळ ठेवा (पुढचा प्रश्न).

१६. दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो का? पाय तर आहे.

मिळतो. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. टक्केवारी पाय असण्या-नसण्यावर नाही, हालचाल, ताकद, आखूडपणा असं मोजून ठरते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते आणि यूडीआयडी कार्ड येतं. तपासणीला ऑपरेशनची कागदपत्रं आणि ताजा एक्स-रे न्या, आणि त्या दिवशी उसनं अवसान आणून चालू नका. रोज चालता तसंच चाला.

१७. कोणत्या वेळी लगेच डॉक्टरकडे धावायचं?

ताप आणि थंडी. जखमेच्या जागी लाली, सूज, किंवा जुन्या व्रणातून एखादा थेंबही पाणी किंवा पू येणं. आधी नसलेली ठणक, विशेषतः रात्रीची. पोटरी किंवा मांडी एकाएकी सुजून घट्ट होणं, त्यासोबत दम लागला तर त्याच तासाला, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. पडल्यानंतर पायावर अजिबात भार देता न येणं. व्रणातून येणारं पाणी ‘थोडंच आहे’ म्हणून हळद लावून बसणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

१८. क्षयामुळे सांधा काढला. आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना, रोगट हाड तर गेलं?

नाही चालणार. ऑपरेशनने हाड गेलं, जंतू गोळ्यांनी जातात. हाडाच्या क्षयाचे उपचार फुप्फुसाच्या क्षयापेक्षा लांब चालतात, साधारण बारा महिने, काहींना अठरा. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये खात्यात येतात. नाव नोंदलेलं आहे का ते बघा.

१९. नवरा-बायकोचे संबंध? बाळंतपण?

हा प्रश्न बायका फोनवर आवाज खाली करून विचारतात, म्हणून इथे मोठ्याने लिहिते. जखम भरली आणि दुखणं ओसरलं की संबंधांना आडकाठी नाही. निखळण्याची भीती नाही (प्रश्न ११). पाय बाजूला घेताना ओढ बसत असेल तर गुडघ्याखाली उशी घ्या, किंवा चांगल्या कुशीवर झोपा. केवळ सांधा नाही म्हणून सिझेरियनच करावं लागतं असं नाही. पण आजार लहानपणी झाला असेल तर कमरेच्या हाडाचा घेर बदललेला असू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत बाळंतपणाच्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवा आणि कळा सुरू होण्याआधीच पाय किती वाकतो ते सांगून ठेवा.

२०. दात काढताना, एमआरआयला, विमानतळावर काही सांगावं लागतं का?

शरीरात धातू उरलेला नसेल तर यंत्र वाजणार नाही, एमआरआयही अडणार नाही. पण जुनी तार, स्क्रू किंवा सिमेंट आत राहिलेलं असू शकतं, एक्स-रेवर खात्री करा. कृत्रिम सांध्यासाठी म्हणून दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यायचा प्रश्नच आपल्याला येत नाही. हृदयाच्या झडपेसारखं दुसरं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

२१. पुढे कधी नवा सांधा बसवता येईल का?

येऊ शकतो, कित्येक वर्षांनीही बसवतात. पायाची लांबी काही अंशी परत मिळते. पण हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा बरंच अवघड असतं: स्नायू दुबळे झालेले, सगळं चिकटलेलं, निखळण्याचा आणि पुन्हा पू होण्याचा धोका जास्त. आधी संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री रक्त तपासून, गरज पडल्यास सुईने पाणी काढून करतात. मला विचारलं होतं. मी नको म्हटलं, कारण माझं दुखणं आता थोडं आहे आणि मांडी घालता येते. माझ्या ओळखीच्या, माझ्याहून तरुण बाईने करून घेतलं आणि ती समाधानी आहे. ‘लंगडणं दिसतं’ एवढंच कारण असेल तर मात्र दोनदा विचार करा.

२२. वारीला जाता येईल का?

दर ज्येष्ठात येणारा प्रश्न. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, सगळं चालणं आपल्या पायाला नको. दिवेघाटासारख्या चढाला तर नकोच, तिथे गर्दीत मनासारखं थांबताही येत नाही. पण एखादा सपाट तुकडा जमतो. मी दोनदा वाखरीहून पुढे चालले. नेहमीची काठी घरी ठेवून दोन एल्बो क्रच घेतले, पाठीवरच्या सॅकला घडीचा स्टूल बांधला आणि दर वीस मिनिटांनी रस्त्याच्या कडेला बसले. पहाटे, रस्ता गर्दीने भरायच्या आत निघायचं. क्रचला नवं रबर, सॅकमध्ये आणखी दोन. आणि सोल वाढवलेला बूट नवा शिवून घेतला असेल तर तो निदान महिनाभर आधी घालून मोडून घ्या. चिखलात अनवाणी चालायचा मोह होतो, तो टाळा.